मक्याच्या बाजूची खिडकी

शनिवारी सकाळी राकेशने गराज उघडलं आणि ओरडला, "प्रिया! गाडी गेली!"

त्याची बायको धम्मप्रिया चहाचा कप हातात घेऊनच धावली. इन्शुरन्स कंपनीत चोरीच्या क्लेम्सची चौकशी करणं हेच तिचं काम.

सत्तर सालची लाल चॅलेंजर खरंच नव्हती. कुलूप शाबूत होतं. गाडीवरचं कव्हर नीट घडी करून ठेवलेलं. किचनच्या ड्रॉवरमधली किल्लीही गायब.

"पोलिसांना फोन करतो." राकेशचा आवाज चिरकला. कॅनडातल्या केंब्रिजच्या याच गराजमध्ये सहा विंटर कुडकुडत त्याने ती गाडी दुरुस्त केली होती, केवळ बाबांच्या नेहमीच्या गोष्टीतली गाडी त्यांना पुन्हा मिळावी म्हणून. उद्या असोसिएशनच्या पिकनिकला बाबा ती सगळ्यांसमोर चालवणार होते.

"थांब जरा. चोर कव्हरची घडी घालत बसत नाही."

राकेशचे वडील, रावसाहेब, आत सोफ्यावर बसले होते.

"बाबा, काही आवाज आला?" धम्मप्रियाने विचारलं.

"नाही."

"एवढ्या मोठ्या इंजिनाचा?"

"वॉशरूममध्ये होतो."

"आई कुठे गेल्यात? त्यांची कार तर ड्राइव्हवेमध्येच आहे."

"शेजारच्या लताबरोबर ग्रोसरीला."

राकेशने फोन काढला. रावसाहेब ताडकन उठले. "पोलीस नको! मीच नेली. बंद पडली, सोडून आलो."

"कुठे?"

"तिकडे... पुलापाशी."

"आणि परत कसे आलात?"

"चालत."

"या गुडघ्याने?"

धम्मप्रिया वैतागली. ऑफिसात अनोळखी लोक खोटं बोलतात ते समजू शकतं. इथे घरचा माणूस डोळ्यांत डोळे घालून थापा मारत होता.

"बरं, फोरमनच्या चॅलेंजरची ती तुमची नेहमीची गोष्ट सांगा."

"आत्ता? सीरियसली?" राकेश भडकला.

पण रावसाहेबांना सुटल्यासारखं वाटलं. "एक्क्याऐंशी साल. फाउंड्रीतला फोरमन रविवारी गाडी वापरायला द्यायचा. मी आणि रमा निघायचो. गावाबाहेर शेतंच शेतं. खिडकीतून हात बाहेर काढला की कडेच्या मक्याची पानं बोटांना लागायची..."

धम्मप्रियाने कप खाली ठेवला आणि लताला फोन लावला.

"ग्रोसरी?" लता म्हणाली. "अगं, मी कालपासून मार्कहॅमला आहे."

फोन ठेवून ती सासऱ्यांसमोर बसली.

"बाबा, इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने जाते आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. कडेचा मका ड्रायव्हरच्या हाताला कसा लागेल? तो शेजारी बसलेल्या माणसाला लागतो. त्या गाडीत दोघंच असायचात. म्हणजे गाडी आई चालवायच्या. आणि आजही त्यांनीच नेलीय."

राकेश बापाकडे बघत राहिला. "बाबा?"

"तिचे वडील नागपूरला सरकारी जीप चालवायचे," रावसाहेब हळू आवाजात म्हणाले. "तिला गिअर येत होते. मला ते कधी जमलेच नाहीत. फाउंड्रीतले हसतील म्हणून एकदा सांगितलं, मीच चालवतो. मग तेच सांगत गेलो."

"मग आज त्यांनी गाडी का नेली?"

"काल तिला म्हटलं, गुडघ्याचं कारण देऊन पिकनिकला गाडी चालवायचं टाळतो. तू गप्प राहा. ती काहीच बोलली नाही. सकाळी मी बघत असतानाच गाडी काढून गेली."

अर्ध्या तासाने इंजिनाचा गडगडाट ऐकू आला. रमाबाईंनी चॅलेंजर एका दमात रिव्हर्समध्ये गराजात घातली आणि खाली उतरल्या.

"आई, विचारायचं तरी!" राकेश म्हणाला.

"दिली असतीस?"

राकेशने किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"रमा, लोक हसतील गं," रावसाहेब पुटपुटले.

"हसू देत. चव्वेचाळीस वर्षं ती गोष्ट मी पोळ्या लाटत ऐकली. माझ्याकडे कोणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही."

रावसाहेब राकेशला म्हणाले, "उद्या गाडी तुझी आई आणेल. मी आधी पुढे जाऊन सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

"आधी नाही," रमाबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर."