केतकीचं प्रौढमान

वाढदिवस आता फक्त गोडाधोडापुरता उरला होता. मूल म्हणजे अठराच्या आतलं माणूस, हा बालहक्कांच्या जागतिक करारातला जुना हिशेब मोडीत निघाला होता. जन्मतारखा खोट्या निघतात, मेंदू खोटं बोलत नाही, असं म्हणत देशोदेशीच्या शहाण्यांनी करार बदलला आणि 'प्रौढमान' आणलं. प्रौढमान म्हणजे मेंदूच्या पिकलेपणाचं माप. ते रेषेच्या आत असेल, तर शाळा, संरक्षण आणि आईजवळ राहायचा हक्क. रेषा ओलांडली, की माणूस मोठं झालं. त्यानं समुद्र अडवायच्या बांधावर कामाला जायचं.

समुद्रानं गाव गिळल्यापासून प्रमिला तांडेल दोन मुलींना घेऊन छावणीत राहत होती. बारा वर्षांच्या केतकीला तपासणीला नेताना तिनं, जणू पोर शाळेच्या परीक्षेलाच निघालीय, असं बजावलं, "रडायचं नाय हां, बाय. शहाण्यासारखी वाग."

केतकीनं मान डोलावली. चूल, पाणी, धाकटी जुई, सगळं तीच बघायची. 'लेक कसली, माझी आईच ती,' असं प्रमिला चारचौघींत कौतुकानं सांगे.

तपासणी संपल्यावर डॉ. सबनीसबाई म्हणाल्या, "ती मोठी आहे."

प्रमिला पुढे सरसावली. "अवो, बाहुली उशाशी घेतल्याबगर झोपत नाय ती!"

"आम्ही अंधारात एक भयंकर आवाज ऐकवतो. घाबरलं, की लहान मुलाचा मेंदू आईला शोधतो. मोठ्याचा मेंदू भीती स्वतःच दाबतो. केतकीनं दाबली."

"मीच सांगितलं तिला! परत घ्या. आता रडंल ती."

"हे एका दिवसाच्या सांगण्यानं होत नाही, बाई. ज्यांना लहानपणीच सोसावं लागतं, त्यांचे मेंदू लवकर पिकतात."

"म्हंजे जिनं सोसलं, तिचंच बालपण काढून घ्यायचं?"

"माप बरोबर आहे," बाई पुटपुटल्या. त्यांनी मान मात्र वर केली नाही.

बांधाच्या गाडीत चढताना केतकी रडली नाही. "जुईच्या वेण्या घट्ट घाल. सुटतात," एवढंच म्हणाली.

गाडी गेली. प्रमिला तिथेच बसून धाय मोकलून रडू लागली. तेवढ्यात एक चिमुकला हात तिचे डोळे पुसू लागला.

"आई, रडू नको. आता चुलीचं मी बघंन."

प्रमिलानं जुईला गदागदा हलवलं. "रड गो! आईच्या नावानं बोंब मार! रड, मेले!"

जुईनं आवंढा गिळला आणि शहाण्यासारखी गप्प बसली.