शिवणीतली माया

रोह्याजवळ धाटावला एका बंद पडलेल्या पॅकिंग कंपनीचा वरचा मजला ‘कुंदवेल’ने भाड्याने घेतला, तेव्हा मुंबईहून तिथे येऊन काम करायला कोणी तयार नव्हतं. मी पेणची. जुन्या कापडांच्या जतनाचं काम मी मुंबईत एका संग्रहालयात शिकले होते आणि घरून जाऊन-येऊन करता येईल अशी नोकरी मिळत होती, म्हणून मी लगेच होकार दिला.

कुंदवेल ही कपड्यांची कंपनी. पेणमध्ये भाग्यश्रीताईंनी घराच्या पडवीत शिवणयंत्रं मांडून सुरू केलेली. आता मोठ्या शहरांत तिची दुकानं आहेत आणि कारभार ताईंचा पुतण्या सुभाष बघतो. इतक्या वर्षांत कंपनीने जे जे कपडे काढले त्यांचे पहिले नमुने पत्र्याच्या ट्रंकांत, कपाटांवर, कुणाकुणाच्या माळ्यावर पडून होते. ते गोळा करायचे, साफ करायचे, फोटो काढून नीट पेट्यांत ठेवायचे, आणि हिवाळ्यात मुंबईला होणाऱ्या प्रदर्शनासाठी त्यातले निवडक कपडे उभे करायचे, हे माझं काम होतं.

खोलीच्या खिडक्यांना आम्ही काळा कागद लावला होता. हवेतली ओल ओढणारं यंत्र कोपऱ्यात घरघरत असे. त्याच्या टाकीतलं पाणी रोज धोंडुबाई ओतून यायची. ती कुंडलिका नदीकडच्या वाडीवरून येई. झाडलोट, चहा आणि खालच्या दाराची किल्ली तिच्याकडे. फोटो काढायला कोलाडचा निलेश येई. बाहेर शिफ्ट बदलल्याचा भोंगा वाजायचा, आणि वारा फिरला की शेजारच्या कंपनीतून पिकलेल्या केळ्यांसारखा वास यायचा. पहिले काही दिवस डोकं दुखलं, मग तो वास येतोय हेही कळेनासं झालं.

मोरपिशी पोलकं गणपतीनंतर आलं. हातमागाचं कापड, लांब बाह्या, बंद गळा, पुढे कापडाने मढवलेली बटणं. याच पोलक्याने कंपनीचं नाव झालं होतं आणि हा त्याचा अगदी पहिला नमुना. कधी विकला न गेलेला. पाठीवर एक कसरीचं भोक सोडलं तर कापड अजून जिवंत होतं.

असे जुने कपडे दुकानातल्या पुतळ्यावर चढवत नाहीत, शिवणींवर ताण येतो. लहान मापाचं धड घ्यायचं आणि त्यावर कापसाच्या पातळ गाद्यांचे थर शिवत जायचे, कपड्याच्या आत जितकी जागा आहे तितकंच अंग तयार होईपर्यंत. मी तसं धड बनवलं. पोलकं त्यावर बसलं ते असं की निलेशही कॅमेरा खाली ठेवून बघत राहिला. सडपातळ, ताठ मानेची, विशीतली कोणीतरी मुलगी. आम्ही फोटो काढले, पोलकं उतरवून पांढऱ्या पातळ कागदांत गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं.

दसरा झाल्यावर प्रदर्शनाच्या छपाईसाठी सुभाषला आणखी फोटो हवे होते. पोलकं पुन्हा धडावर चढवलं तर ते कमरेत सैल झालं होतं.

ओलीने कापड सुटतं, मी म्हटलं. यंत्रावरचा ओलीचा आकडा पाहिला, तो हवा तेवढाच होता. मग पोलकं उलटं केलं आणि भिंग घेऊन बसले. दोन्ही कडांना शिवणीत माया सोडलेली असते, म्हणजे पुढेमागे कपडा मोठा करता यावा म्हणून आत दडवलेलं जास्तीचं कापड. ती माया थोडी कमी झाली होती. कोणीतरी कडा उसवून पुन्हा शिवल्या होत्या, हाताने, बारीक टाके घालून.

इथपर्यंत मला रागच आला होता. पण उसवलेल्या शिवणीच्या जागी सुईची भोकं राहतात, घडीची रेघ राहते. तिथे काहीच नव्हतं. आणि नव्या टाक्यांचा दोरा पिवळा पडलेला होता, नखाने छेडला तर तुटेल इतका जुना.

निलेशने लॅपटॉपवर आधीचे फोटो मोठे करून दाखवले. त्यांत शिवण आणखी आतल्या बाजूला होती. मग त्याने विचारलं, “तू उसवलंस का गं? सांग मला, मी नाय कोणाला बोलणार.”

मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. आमच्या कामात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. नमुन्याचा टाकासुद्धा बदलला तर आयुष्यभर पुन्हा कोणी हातात कापड देत नाही. मी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. धडावर कापसाचा आणखी एक थर चढवला.

तो थर पुरला नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी पोलकं आणखी सुटलं होतं, आता छातीतही. निलेशने सुट्टीभर पेटीसमोर कॅमेरा लावून ठेवला. झाकण हललं नाही, खोलीत कोणी आलं नाही, आणि सुट्टीनंतर पेटी उघडली तर शिवणीत माया जवळजवळ उरली नव्हती. पुढची शेवटची बटणं लावली तरी पोटाशी कापड पोकळ राहत होतं, म्हणून मी पुढच्या बाजूला कापूस भरत गेले. कपड्याला हवं तेवढं अंग द्यायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं. मी सकाळभर मान खाली घालून तेच केलं.

दुपारी हात धुऊन परत आले तेव्हा धोंडुबाई दारात उभी होती. पाण्याची टाकी तिच्या हातात तशीच होती.

“दिवस भरत आलं हायेत गो तिचं,” ती म्हणाली. अगदी हळू आवाजात.

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दिव्याखाली मोरपिशी पोलक्यातली ती मुलगी उभी होती, आणि तिला सातवा-आठवा महिना असावा. ते पोट मी भरलं होतं. माझ्या बोटांना अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते.

त्या संध्याकाळी मी सरळ भाग्यश्रीताईंकडे गेले. पेणला त्यांचं घर मूर्तींच्या कारखान्यांच्या गल्लीत आहे. ताई पंचाहत्तरीच्या पुढे, पण पाठ ताठ. मी फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. मला वाटलं होतं त्या माझ्यावर संतापतील. त्या चष्मा काढून बसल्या.

मी विचारलं, हे पोलकं कोणाच्या मापाचं होतं.

कमळीच्या, त्या म्हणाल्या. मग तुकड्या-तुकड्याने सांगत गेल्या. कमळी वडखळकडच्या खाडीकाठची, घरचे मिठागरावर कामाला. ताईंकडे ती काज-बटणं करायला आली होती. एकदा सहज तिच्या अंगावर कपडा घालून पाहिला आणि ताईंच्या लक्षात आलं की तिला बसला तो सगळ्यांना बसतो. तेव्हापासून प्रत्येक नवा कपडा कमळीला उभं करून कापला गेला. आजही कुंदवेलचं मधलं माप म्हणजे तिचंच माप.

“आणि मग?”

“मग तिचं माप सुटायला लागलं.” ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. “तिने सांगितलं नाही. रोज कामावर येत राहिली. हे पोलकं प्रदर्शनाला जायचं होतं, तिने लपून त्याच्या कडा सोडल्या. एकदा, मग परत. मला वाटलं कारागिराची चूक. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर बटणं लागेनात.”

“तुम्ही काय केलंत?”

“नमुना बिघडवला म्हणून बोलले. तिथेच उतरवून घेतलं अंगावरून. परत पहिल्या मापात शिवून घेतलं आणि दुसरी मुलगी बघितली.”

पडवीत तिची बदलायची साडी होती, ती घेऊन ती गेली, असं ताईंनी सांगितलं. नंतर काही दिवस समोरच्या ओट्यावर येऊन बसायची. मग यायची थांबली. कुठे गेली, मूल झालं का, जगलं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणी विचारायला गेलं नाही.

मला पोलकं बघायचंय, एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांनी निलेश त्यांना गाडीतून घेऊन आला. भर दुपार होती. जिना चढून आल्यावर ताईंनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि खुर्ची टेबलाजवळ ओढायला सांगितली. धोंडुबाई आत आली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली.

मी कुलूप काढलं. झाकण उचललं तेव्हा पहिल्यांदा वास आला. केळ्यांचा नाही. गोडसर, उबट, किंचित आंबूस.

कागद उलगडला.

पोलकं सैल पडलं होतं. पोटाजवळचं कापड ढिलं, सुरकुतलेलं, आतून काहीतरी निघून गेल्यासारखं. आणि छातीवर, दोन्ही बाजूंना, दोन गोल ओले डाग होते.

ओलीने पडलेले डाग कडेला पिवळट होतात. हे तसे नव्हते. मी हातमोजा काढला आणि बोट टेकवलं. असं कधीच करायचं नसतं. कापड ऊन होतं. बोटाला पांढरट ओलावा लागला, आणि मी बघत असतानाच डाग थोडा पसरला.

मी ओरडले नाही. मला वाटतं मी टेबलाची कड धरली होती, कारण नंतर तळहातावर तिचा वळ होता. निलेशने कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो न काढताच खाली घेतला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

ताई उठल्या. पेटीत वाकल्या आणि दोन्ही हातांनी पोलकं कागदासकट उचललं. मी त्यांना अडवायला हवं होतं. नुसतं कापड उचलताना हात सपाट ठेवतात. त्यांचा उजवा पंजा एका टोकाखाली वाटीसारखा वळला होता, मान सावरतात तसा.

“घरी चला,” त्या म्हणाल्या. आम्हाला म्हणाल्या की कुणाला, ते कळलं नाही.

जिन्यावर धोंडुबाई उठून भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्यांना वाट दिली. ताई पुढे गेल्यावर ती वाकली आणि त्यांच्या पावलांमागची धूळ चिमटीत उचलून पदराच्या टोकात बांधली. दृष्ट काढायला अशी धूळ घेतात; कुणाची, ते मी विचारलं नाही.

गाडीत ताई मागे बसल्या, मी पुढे. कोलाडच्या नाक्यावर निलेशने हॉर्न वाजवला तेव्हा मागून त्या म्हणाल्या, “वाजवू नको.” खांब गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, “ती जाळी वर कर. वारा तोंडावर येतोय.”

मी एसीची जाळी वर केली. वारा त्यांच्या तोंडावर येत नव्हता. तो त्यांच्या मांडीकडे जात होता.

वडखळला गाड्यांची रांग लागली होती. ताईंनी पोलकं दोन सीटांमधून पुढे दिलं. “हे घे. याला आता काही होणार नाही.”

ते कोरडं होतं. गारही होतं. मी घाईघाईने कड उलटी करून पाहिली. शिवण पहिल्या जागी होती आणि आत पुरती माया होती, पहिल्या दिवशी होती तेवढी. छातीवर डाग नव्हता, डागाची खूणसुद्धा नव्हती. मी निलेशला दाखवलं. त्याने मोठा श्वास सोडला. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. निदान दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नोकरीही राहणार होती.

मग मी मागे वळून पाहिलं. ताईंचे हात तसेच होते.

पेणला घरासमोर निलेशने गाडी थांबवली. मी उतरून ताईंच्या बाजूचं दार उघडलं. त्या कशाचाही आधार न घेता सावकाश बाहेर आल्या, आधी एक पाय, मग दुसरा, कोपर अंगाशी धरून. फाटकापाशी जाऊन थांबल्या आणि माझी वाट बघत राहिल्या.

“उघड ना,” त्या म्हणाल्या. “माझे हात मोकळे आहेत का?”

मी फाटक उघडलं. त्यांच्या हातांत काही नव्हतं.

त्या पायऱ्यांकडे निघाल्या. ऊन पाठीवर होतं, वारा पडलेला होता, शेजारच्या कारखान्यातली माणसं चहाला गेली होती. पहिली पायरी चढताना ताईंनी हातातलं ते काही नसलेलं जरा वर घेतलं, खांद्याशी. त्यांच्या खांद्यावरच्या पदराला बारीक चुण्या पडल्या. चार-पाच, एका ठिकाणी गोळा झालेल्या, लिंबाएवढ्या मुठीत धरल्यासारख्या. ताई दारातून आत जाईपर्यंत त्या चुण्या सुटल्या नाहीत.