नवव्या वाणाच्या चोवीस वेली

पहाट पुरती उजाडली नव्हती आणि पाऊस नुकता कुठे ओसरला होता, तेव्हा प्रयोगशेताच्या नवव्या ओळीत एक अनोळखी हात फुलावर बांधलेल्या कागदी पिशवीकडे वळताना तिला दिसला.

"हात लावू नका," वेलींमागून उठत ती म्हणाली. "तिचं लग्न ठरलंय."

तो दचकला, हात मात्र त्याने काहीच घडले नसल्यासारखा सावकाश मागे घेतला. "कुणाशी?"

"त्याच वेलीवरच्या फुलाशी. बाहेरची माशी आत शिरली, की घराण्याचा घोटाळा."

"म्हणजे सोयरीक घरातल्या घरातच... बरंय, चपला झिजल्या नाहीत."

ओठांवर आलेले हसू तिने कसेबसे आवरले. नरफुलाच्या पाकळ्या सोलून तिने त्याचा पराग मादीफुलाला लावला, पिशवी पुन्हा बांधली आणि देठाला अडकवायची चिठ्ठी त्याच्या हातात धरायला दिली. तो परत निघाला तेव्हा त्याच्या नाकाच्या शेंड्यावर पिवळा ठिपका होता – आणि तो तिने जाणूनबुजून सांगितला नाही.

भोपळ्याच्या तीस वाणांची आकडेवारी तपासण्यासाठी हंगामापुरता आलेला संख्याशास्त्रज्ञ तो हाच, हे तिला दुपारी कळले. वेलींमधला फरक बियाण्यातून किती आला आणि माती-पाण्यामुळे किती, हे त्याने वेगळे करून दाखवायचे. मग दहा वाणे ठेवायची, उरलेली कायमची वगळायची. नववे वाण तिने सहा वर्षे जपले होते. सहकारी तिला 'नवव्याची आई' म्हणत. त्याचे फळ लहानखुरे, पण गर जाड, आणि फळीवर आठ महिने ठेवले तरी न नासणारे.

त्या एका वाणावरून दोघांचे रोज वाजू लागले. माया हा मोजता येणारा गुण नव्हे, असे त्याचे म्हणणे. वजनाखेरीज जगात काही पाहिलेच नाही अशा माणसाने निवड करू नये, असे तिचे. मोजमाप तपासायच्या निमित्ताने तो पहाटे येऊ लागला, आणि एकदा तो आला नाही, त्या दिवशी तिने एकाच फुलाला दोनदा चिठ्ठी बांधली.

फळे उतरवली गेली. तक्ता लागला. उत्पन्नात नववे वाण तळाला होते.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, ती बियाण्याच्या खोलीत बरण्या पुसत असताना, तो तोच तक्ता घेऊन दारात उभा राहिला.

"भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "एक विचारायचंय. बाकीच्या वाणांत कुठल्या वेलीला दोन फळं, कुठल्या वेलीला पाच. नवव्याच्या चोवीस वेली, आणि प्रत्येकीला नेमकं एकच. घरातली चार माणसं एका वेळी चहा प्यायला तयार होत नाहीत... चोवीस वेलींचं एकमत कसं झालं?"

तिने बरणी फळीवर ठेवली. बियाण्याची वेगळी लावण मुळे कुजून गेली, तेव्हा बी राखण्यासाठी तिने तुलनेच्या ओळीतल्याच प्रत्येक वेलीवर एक फूल बांधले होते. तेवढ्याची परवानगी होती. मात्र त्या एका फळाला वेलीचे सारे बळ मिळावे, म्हणून बाकीची कोवळी फळे तिने संध्याकाळी एकटीने खुडून टाकली होती. बियाण्याच्या लावणीत हे रोजचेच काम. जिथे उत्पन्न मोजायचे, तिथे हाच मोठा अपराध. तिच्या हाताला सवय होती आणि मनात धास्ती; आपण काय करतो आहोत, हे तिला जाणवलेदेखील नव्हते.

"मीच बुडवलं त्याला," ती म्हणाली.

त्याने तक्त्याची घडी घातली. मग म्हणाला, "हा आकडा ग्राह्य नाही, एवढं मी लिहीन. का नाही, ते तुम्ही सांगायचं... किंवा नाही सांगायचं."

कारण नसेल, तर विभागप्रमुख आकडा बाद करणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते. ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

विभागप्रमुख बाईंनी चष्मा काढून तिचे सारे ऐकून घेतले. सहा वर्षे वेली वाढवल्या आणि शेवटी कात्री आपल्याच हातात, असे त्या फटकारून म्हणाल्या. मग त्यांनी त्या वाणाला आणखी एक हंगाम दिला. अट एवढीच, की त्या ओळीत ती पाऊल टाकणार नाही आणि मोजणी दुसरे कोणीतरी करेल.

"मी करतो," दारातून आवाज आला.

"तुमची मुदत शनिवारी संपते," बाई म्हणाल्या.

"वाढवून मागतोय."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. आणि चष्मा पुन्हा चढवून त्या कागदांत शिरल्या.

बाहेर ओसरीवर रिमझिम आत येत होती. "इतका जीव जडला भोपळ्यावर?" तिने विचारले.

"मला भोपळा आवडत नाही. लहानपणापासून ताटात बाजूला सारतो."

"मग?"

दशांशाशिवाय न बोलणारा तो माणूस शब्द शोधू लागला. "हंगामाचे चार महिने... तुमच्याशी वाद न घालता काढायचे, म्हणजे... मला जमणार नाही. चार महिनेच नव्हे. पुढेही."

ती ओसरीच्या कडेपर्यंत गेली. त्या ओळीत जायची तिला बंदी होती. बांधापर्यंत मात्र कोणी अडवले नव्हते.

"मी रोज बांधावर येऊन उभी राहीन," ती म्हणाली. "आणि तू चुकीचं मोजतोयस, असं तिथूनच ओरडून सांगेन. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने वाद घातला नाही.