बरणीतले डोळे

"बाई, तिचे डोळे मोठे व्हायलेत!"

गुप्तहेर द्वारकाबाईंच्या औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात आशाबाई चपला न काढताच शिरली. कॉलेजच्या प्राणिसंग्रहाची झाडलोट तिच्याकडे. तिथल्या बरणीत खोल समुद्रातल्या शार्कचं मेलेलं पिल्लू होतं.

"परवापर्यंत बारीक होते. आता टकामका बघती माझ्याकडं! दीर म्हणतो, वहिनी येडी झाली. माझी पोर बानी न् तिच्या वाटणीची हर्सूलची जमीन तोच सांभाळणार म्हणं. आज वकील आणायलाय."

"मेलेल्याचे डोळे वाढतात?" कारभारींच्या तोंडचं पाणी पळालं. द्वारकाबाईंचे हे मदतनीस घरात पालीलाही भीत.

"चला, बघू," द्वारकाबाई उठल्या.

प्राणिसंग्रहाच्या खोलीत औषधाचा उग्र दर्प होता. बरणीतले हिरवट डोळे थेट रोखलेले. कारभारींनी मनात रामरक्षा सुरू केली.

विभागप्रमुख नानासाहेब वैतागले. "पाटी मीच लिहिलीय, वाचा! सहा कल्ले, खालच्या जबड्यात दोन्हीकडे कंगव्यासारखे सहा-सहा दात. वर्षभरात मी इकडं फिरकलो नाही, पण शार्क बदलेल कशी?"

"अशी दुसरी आहे?"

"हिच्या जवळची जात भांडारात आहे. कल्ले तिलाही सहाच. नवख्याला फरक कळायचा नाही."

भांडार सांभाळणारा मल्हारराव म्हणजेच आशाबाईचा दीर. तो दारातूनच हळहळला. "दसऱ्यापासून मी या खोलीत पाऊल टाकलं नाय. वहिनीची लई काळजी वाटती हो. ह्या बरणीतल्या पाच-पाच दातांच्या मढ्याला काय भ्यायचं?"

"कारभारी, दात मोजा."

"मी?"

"चावत नाही ती!"

कारभारींनी काचेला नाक लावलं. "इकडं पाच... तिकडंही पाचच!"

"पाटीवर सहा, बरणीत पाच. डोळे वाढले नाहीत, शार्कच बदलली. ही तिची बहीण. दात कमी, डोळे मोठे. नानासाहेब सहाच म्हणाले. पाच कोण म्हणालं? दसऱ्यापासून इकडं न आलेले मल्हारराव! आता भांडार उघडा."

भांडारात गोणपाटाखाली बारीक डोळ्यांची शार्क सापडली. दात सहा-सहा.

"आई येडी ठरली, की पोरीची जमीन काकाच्या हातात. व्हय ना?" द्वारकाबाईंनी त्याच्याच बोलीत मल्हाररावाला विचारलं.

मल्हाररावानं घाईनं गोणपाट परत शार्कवर ओढलं.

"म्हंजी मी येडी नाय?" आशाबाई पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडली. मग म्हणाली, "बाई, एवढं बानीला सांगाल? काल तिनं आतून कडी लावून घेतली. मला भिऊन."

द्वारकाबाईंनी चपला चढवल्या. "चल. आधी तुझ्या घरी."