गुरुवारी राहिलेला प्रश्न

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. इस्पितळाच्या खालच्या खानावळीत लवकर रांग लागते, म्हणून जेवणाआधीच्या चर्चेत शिकाऊ डॉक्टरांचा अर्धा जीव घड्याळात असतो. बालविभागात त्यांना शिकवणाऱ्या डॉक्टर कारिना युलितालोला हे पाठ झालं होतं, तरी दर गुरुवारी तिचं डोकं फिरायचंच. तपासण्या सांगणारी पोरं ढीगभर होती. आईला धड चार प्रश्न विचारणारं एक नव्हतं.

त्या दिवशी ओळखायला दिलेलं आजारपण तिने स्वतः रचलं होतं. चार वर्षांचा मुलगा, सकाळपासून डोकेदुखी, उलट्या, सुस्ती, ताप नाही. घरातल्या विटांच्या चुलीत निखारे धगधगत असतानाच धुराड्याची झडप लावली की वास नसलेला विषारी वायू घरभर पसरतो, हे उत्तर. तिथवर पोचायला एक प्रश्न पुरे होता: घरात आणखी कोणाला त्रास होतोय का? आईचं सोंग वेराकडे होतं. वेरा त्या शिकाऊंत सगळ्यांत अबोल. तिला चार ओळींचा कागद दिला होता, आणि त्यात नसलेलं कोणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं, असं ठरलं होतं.

ओत्सोने बसल्या बसल्या मेंदूचा स्कॅन मागितला. योना मणक्यातलं पाणी काढायला निघाला.

"अरे, समोर आई बसलीय," कारिना म्हणाली. "तिच्याशी बोला की जरा. ती काय भिंत आहे?"

योनाने नाइलाजाने विचारलं, की मुलगा रात्री कुठे झोपला होता.

"चुलीपाशी," वेरा म्हणाली. "एलिआसला तिथंच झोप लागते. मांजर त्याच्या पायाशी होतं. सकाळी बाहेर सोडलं, तर बर्फात आडवंच झालं."

कागदात ना नाव होतं, ना मांजर. कारिनाने तिला दटावलं, पदरचं काही घालू नकोस म्हणाली.

"पदरचं नाही," वेरा म्हणाली.

वेरा हेलसिंकीत वाढलेली, पण आता तिच्या बोलण्यात उत्तरेकडच्या खेड्यांचा हेल होता. कारिनाला वाटलं, पोरीला आता नाटकाची हौस आलीय, आणि ती आणखीच चिडली. वेराच्या खुर्चीखाली पाणी साचलं होतं, बुटांवरचा बर्फ वितळल्यावर साचतं तसं. तिच्या पायांत मात्र वॉर्डातल्या कोरड्या चपला होत्या.

तो प्रश्न काही आला नाही. योनाने रक्ताच्या आणखी तपासण्या सुचवल्या, ओत्सोने खुर्ची मागे सरकवली. उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही, हा कारिनाचा शिरस्ता होता. रात्रभर डोकं खाजवू देत. ती 'उद्या' म्हणाली आणि सगळे सुपाकडे पळाले. वेरा तेवढी बसून राहिली.

"एक प्रश्न राहिलाय."

"ठाऊक आहे मला," कारिना वैतागून म्हणाली. "उद्या."

वेरा झोपेतून उठल्यासारखी उठली आणि सूप संपलं असेल का, असं आपल्या नेहमीच्या आवाजात विचारू लागली.

कारिना पॅनकेकवर मुरंबा घालते न घालते तोच तातडीच्या कक्षातून बोलावणं आलं. ओत्सो तिथे आधीच पोचला होता. चार वर्षांचा मुलगा, सुस्त, उलट्या करणारा. यंत्रावर प्राणवायूचा आकडा छान दिसत होता, म्हणून ओत्सो स्कॅनची चिठ्ठी लिहून मोकळा झाला होता.

आई खाटेशी उभी होती. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं.

"चुलीपाशी झोपला होता," ती म्हणाली. "एलिआसला तिथंच झोप लागते."

तोच हेल.

कारिनाने स्वतःच्या हाताने पोराला प्राणवायूचा मुखवटा लावला. त्या वायूत यंत्रावरचा आकडा फसवा असतो.

"घरात आणखी कोण आहे?"

"धाकटी. आणि माझी आई," बाई म्हणाली. "दोघी अजून झोपल्यात."

ओत्सो फोनकडे धावला. गाव लांब होतं, रस्ता बर्फाचा. कारिनाने बाईचा हात धरला, घराकडे रुग्णवाहिका निघतेय म्हणून सांगितलं. हात गार होता. बाई रागावलेली दिसत नव्हती, नुसती दमलेली होती.

"मी म्हटलं होतं तुम्हाला, एक प्रश्न राहिलाय," ती म्हणाली. "तुम्ही उद्या म्हणालात."