शेवटची आठ पानं

लूमवर तुटके धागे जोडणारा माणूस पुस्तकं जमवतो, याचं आमच्या लिंबायतच्या कामगार वस्तीत अजून लोकांना हसू येतं. येऊ दे. जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या, एकवीस जमल्यात माझ्याकडे, आणि त्यांच्यापायी मी भल्याभल्यांशी वाकडं घेतलंय.

बाविसावी आणायला फाल्गुनात गोडादऱ्याला गेलो. ती ज्यांच्याकडे होती ते सुकलाल मास्तर वारून महिना झाला होता. त्यांच्या मंडळींनी, चंचलबाईंनी, पुस्तक पुढे केलं आणि मी ते उलटंपालटं करून पाहिलं. शंभर वर्षांची प्रत, अन् मागची पानं अजून न कापलेली. पूर्वी कागद दुमडून तसाच शिवत. वाचणाऱ्याने चाकूने कड कापत पुढे जायचं. अशी कोरी घडी म्हणजे आम्हा संग्राहकांचा जीव की प्राण.

"हिलालभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "बाकीनी पानं कापी दे. त्यास्ले शेवट वाचना शे."

मास्तरांना शेवट वाचायचा आहे, म्हणाल्या. वाचायचा होता, नव्हे.

"मी कापाव नही, वहिनी. आसंच ऱ्हावू द्या."

मी पुस्तक घेऊन आलो.

पुढच्याच सोमवारी एक घडी कापलेली सापडली. उंदीर असेल म्हटलं. पण उंदीर इतकं सरळ कापत नाही, आणि त्याच्या अंगाला मास्तरांच्या तपकिरीचा वासही येत नाही. त्यानंतरच्या सोमवारी दुसरी. सोमवारी माझ्या खोलीखालचं लूमचं खातं, म्हणजे कारखाना, बंद असतो; वाचायला निवांत.

उरली शेवटची घडी, आठ पानं. तिसऱ्या सोमवारी भर दुपारी मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि वर दोन्ही तळवे दाबून बसलो. आठवडाभराचा खडखडाट थांबला की कानांना दडे बसल्यासारखं होतं. त्या शांततेत तपकिरीचा वास आला.

"मास्तर," मी म्हणालो, "तुमनावर मना राग नही... पन हाई घडी मी देवाव नही."

चर्र... चर्र... कागद कापल्याचा आवाज माझ्या तळव्यांखालून येत होता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण हात उचलले नाहीत. मेलेल्यांच्या वाचनासाठी का मी जन्मभर रद्दीची दुकानं पालथी घातली?

आवाज थांबला. मी हात काढून पाहिलं. घडी शाबूत होती. जिंकलो, म्हटलं. तरी खात्रीसाठी, आम्ही नेहमी करतो तशी, घडी जरा फुगवली आणि वरच्या फटीतून आत डोकावलो. छापल्यापासून जिथे कुणाचा हात पोचलेला नाही, तिथे समासात पेन्सिलीने काही लिहिलं होतं.

'हिलाल, डोकं बाजूले कर. उजेड येत नही.'

मी डोकं तसूभरही हलवलं नाही. मग त्या ओळीखाली दुसरी ओळ उमटू लागली: 'एकच पान ऱ्हायनं शे.'