ओल्या कापडाची घडी

मातीकामाच्या वर्गात तिला सगळे सिस्टरच म्हणत. बत्तीस वर्षं इस्पितळात काढून ती निवृत्त झाली, पण हाक काही निवृत्त झाली नव्हती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोनला ती कार्यशाळेत यायची, हातातलं घड्याळ काढून खिडकीत ठेवायची आणि माती मळायला घ्यायची.

वर्ग घेणाऱ्या बाई फटकळ, पण मनानं साफ. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, ते तीन महिने एकच कप करत होते आणि तो दर वेळी एका अंगाला कलत होता. कपालाही पेन्शन लागू झाली का, असं बाईंनी विचारलं की सगळ्यात मोठ्यानं साहेबच हसायचे. सिस्टरनेही आधी चार वाट्या केल्या. मग एके दिवशी कुणाला काही न विचारता तिने नवऱ्याचं डोकं करायला घेतलं.

यजमान शिंपी होते. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना एकशे दोन ताप होता. परक्या माणसांच्या कपाळावर घड्या ठेवण्यात जिचा जन्म गेला, तिने त्या दिवशी घरच्या माणसाच्या कपाळावर एकच ओली घडी ठेवली. "दुपारपर्यंत उतरेल. मी जाऊन येते," असं म्हणाली आणि दार लावायला त्यांना उठावं लागू नये म्हणून बाहेरून कडी घालून कामावर गेली. संध्याकाळी परतली तेव्हा कापड वाळून कडक झालं होतं आणि त्याखालचं कपाळ गार होतं. दुपारी दार आतून वाजत होतं, काहीतरी ठोकाठोक चालली असेल असं वाटलं, हे शेजारणीनं तिला तेराव्या दिवशी सांगितलं. सिस्टरने ते आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. रात्री कूस बदलली की तिला तो आवाज ऐकू यायचा, जो तिने कधी ऐकलाच नव्हता.

डोकं हुबेहूब उतरलं. बाईंनी ते आतून पोकळ करून घेतलं, हवा जायला कानामागे भोक पाडायला लावलं. काम अर्धं असलं की माती वाळू नये म्हणून त्यावर ओलं कापड टाकून ठेवायचं, ही तिथली रीत. सिस्टरने कापडाची चौपदरी घडी केली, कपाळावर नीट दाबली आणि घरी गेली.

शुक्रवारी येऊन बघते तर सगळ्यांची कापडं ओली आणि तिचं तेवढं खडखडीत वाळलेलं. बाई म्हणाल्या, भट्टीजवळच्या फळीवर होतं ना, म्हणून. त्यांनी ते डोकं उचलून मोरीशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवलं. मंगळवारी तिथेही तेच. शिवाय घडी आता तिपदरी होती.

सिस्टर त्या घडीकडे बघत उभी राहिली. यजमान कापड नेहमी तिपदरी घालायचे, मधोमध मोड पडू नये म्हणून. तिच्या चौपदरी घड्यांवरून आयुष्यभर चेष्टा करायचे.

"माझ्या कामाला कुणी हात लावला का?" तिने विचारलं.

"इथे कुणी कुणाच्या मातीला हात लावत नाही," बाई म्हणाल्या.

तिने कपाळाला हात लावून पाहिलं. बत्तीस वर्षांच्या सवयीचा हात तो, त्याला थर्मामीटर लागत नसे. एकशे दोन.

त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. बाई म्हणायच्या, आता पुरे, वाळू द्या, ओली माती भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. सिस्टर हो म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की कापड पुन्हा भिजवायची. तासाभरात ते वाळायचं. ती पुन्हा भिजवायची. चार वर्षांत पहिल्यांदा तिला रात्री शांत झोप लागू लागली होती.

भट्टी लावायचा दिवस आला. बाईंची पारख सोपी होती. भांडं गालाला लावायचं, गार लागलं तर आत ओल आहे. साहेबांचा कप पास झाला. मग बाईंनी ते डोकं दोन्ही हातांनी उचलून गालाशी धरलं.

"कोमट लागतंय. वाळलं की हो. ठेवू आत?"

ते वाळलेलं नव्हतं. पाऊण तासापूर्वीच तिने ते भिजवलं होतं. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि फुटलं तर फुटू दे, सुटेन तरी एकदाची, असं तिच्या मनात आलं. क्षणभरच आलं, पण आलं.

"ठेवा," ती म्हणाली.

भट्टीचं दार लागलं, कडी पडली. साहेब कपाच्या काळजीने येरझाऱ्या घालत होते. तासाभराने आतून आवाज आला. ठक... ठक ठक.

"गेलं कुणाचं तरी," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

फुटण्याचा आवाज तो नव्हता. कुणी बोटं दुमडून दार वाजवावं तसा होता. सिस्टरने तो ओळखला. भट्टी बंद करा, हे तीन शब्द तिच्या ओठांवर होते. तिने खिडकीतलं घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं आणि घरी निघून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी उघडली. काहीही फुटलं नव्हतं. साहेबांचा कप चक्क सरळ उभा होता, त्यांचा तर विश्वासच बसेना. भांडी अजून हाताला चटका देत होती. डोकं मात्र अखंड आणि थंडगार होतं. बाईंनी ते गालाला लावलं आणि लगेच खाली ठेवलं.

"असं कधी होत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढ्या आगीतून निघून..."

ताप उतरला, एवढंच सिस्टरला कळलं. तिने डोकं चादरीत गुंडाळून घरी नेलं, पलंगासमोरच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. रात्रभर अंग भाजत होतं. उठायचं म्हटलं तर पाय ऐकेनात.

सकाळी जाग आली तेव्हा कपाळावर काहीतरी गार होतं. तिने हात वर नेला. ओलं कापड. बोटांनी कड चाचपली... एक, दोन, तीन पदर. त्याला ओल्या मातीचा वास येत होता. बरं वाटलं तिला, अगदी खरं बरं वाटलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो..." ती म्हणाली.

टेबलावर नुसती चादर पडली होती.

पलंगाशी कुणीतरी उभं होतं. मान वळवायचा धीर तिला झाला नाही. झोपल्याचं सोंग घेऊन तिने डोळे घट्ट मिटले, आणि त्या सकाळी त्यांनीही असेच मिटले असतील का, हे तिला चार वर्षांत पहिल्यांदा सुचलं.

"दुपारपर्यंत उतरेल," आवाज तोच, फक्त कोरडा. "मी जाऊन येतो."

पावलं सावकाश दाराकडे गेली. दार ओढलं गेलं. मग बाहेरून कडी पडली.

कपाळावरचं कापड वाळायला लागलं होतं.